तीन ठिकाणी एकच तारीख

"मशीन खोटं बोलतं व्हय वो बाई?" असं त्या म्हातारीनं विचारलं तेव्हा माझ्या हातात दोन दोडकी होती आणि त्यांतलं कोवळं कुठलं ते मी नखानं बघत होते. रविवारची सकाळ, सांगलीतला मारुती रोड, मे महिन्याचं ऊन आठ वाजताच डोक्यावर आलेलं. म्हातारीच्या हातात डोळ्यांच्या दवाखान्याची पिशवी होती आणि एका डोळ्यावर पांढरी पट्टी. दुसऱ्या डोळ्यानं ती माझ्याकडे अशी बघत होती की मी दोडकी परत पाटीत ठेवली. "तुमी कारखान्यातल्या मशीनवाल्या न्हवं? मी हरणाबाई. पलूसच्या वरल्या अंगाला ऱ्हाती. गटाफिसात बघितलंवतं तुमास्नी." मी होय म्हटलं. मग तिनं सगळं एका दमात सांगितलं. बेंदराच्या दुसऱ्या दिवशी तिनं ऊस लावला होता, बैलाच्या शिंगाचा रंगसुद्धा वाळला नव्हता. कारखान्याचा माणूस येऊन नोंद करून गेला, तिनं अंगठा दिला. आता यंदाच्या तोडणीची कच्ची यादी लागली, तर तिच्या नावापुढं सप्टेंबरची लागण. "तिथला सायब म्हंतो, मशीनमधी तसंच हाय आजी, आमी काय करणार? म्हनलं, तुमीच गावलाय तर इचारावं. माणूस खोटं बोलतंय ते ठावं हाय मला. मशीन बी बोलतं व्हय?" मी म्हटलं, "बघते." एवढंच. बघते! आमच्या ऑफिसात हा शब्द शिपायापासून कार्यकारी संचालकांपर्यंत सगळे वापरतात, आणि आजवर तो म्हणून कुणी काही बघितलेलं नाही. म्हातारीला ते कळलं असणार. "बगा," ती म्हणाली आणि पिशवी सावरत निघून गेली. मी भाजी न घेताच घरी आले.

घरी येईपर्यंत मला घाम फुटला होता आणि तो उन्हाचा नव्हता. ज्यांच्या घरात ऊस नाही त्यांना सांगायला हवं, की आमच्याकडे उसाची लागण ज्या तारखेला नोंदली जाते ती तारीखच उसाचा नंबर असते. जुलैत लावला तर पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर पहिल्या तोडीत जातो. सप्टेंबरची नोंद असेल तर फेब्रुवारी, मार्चपर्यंत रानात उभा. त्याला तुरा येतो, आतून तो पोकळ पडतो, वजन उतरतं, आणि शेतकरी रोज बांधावर जाऊन ते बघतो. माझं माहेर उसाचं. माणूस मेल्याचं दुःख आणि ऊस वाळल्याचं दुःख आमच्याकडे एकाच आवाजात सांगतात. तेव्हा तारीख म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे हरणाबाईच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. मशीन खोटं बोलत नाही. मशीनमध्ये ती सप्टेंबरची तारीख मी घातली होती, मी, राजेश्वरी, कारखान्याच्या संगणक विभागाची प्रमुख, कराडच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेली, या दहा बोटांनी.

आई स्वयंपाकघरात पापडाची लाटी करत होती. मी फडताळातले डबे खाली काढायला लागले. डाळीचा, रव्याचा, पोह्यांचा. "आगं, काय झालं? झुरळ दिसलं का?" आई म्हणाली. डब्यांखाली कागद होते. दोन्ही कडांना भोकं असलेले ते लांबलचक कागद मी कारखान्यातून रद्दी म्हणून आणते आणि फडताळात अंथरते. आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांच्या घरी फडताळात उसाच्या याद्या आहेत. रव्याच्या डब्याखाली तेलाच्या डागात मला ती सापडली. गेल्या ऑगस्टात आमच्याच मशीननं छापलेली यादी, दोन गावांची, एकशे चाळीस नावं. हरणाबाईचं नाव सदतिसावं, पुढं एकोणीस जुलै. मी फरशीवर बसून सगळी नावं वाचली, आणि सोमवारी कारखान्यात जाऊन मशीनमधली यादी शेजारी ठेवून पुन्हा वाचली. एकोणीस जणांच्या तारखा बदलल्या होत्या. अकरा जण मागं ढकलले गेले होते आणि आठ जण पुढं आले होते. ते आठ कुणाचे कोण, हे सांगायला संगणकाची गरज नव्हती. आई त्या रविवारी मला विचारत राहिली, काय हरवलंय तुझं? मी म्हटलं, काही नाही, सापडलंय.

हे कसं झालं ते आठवायला मला आवडत नाही, कारण त्यात हसण्यासारखं फार आहे. गेल्या ऑक्टोबरातली खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळी हत्यारं एका जागी मांडून पुजतात. घरी विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पलटणीतली सुरी. कारखान्यात बॉयलर, क्रेन, वजनकाटा. त्या वर्षी चेअरमन म्हणाले, संगणकाची पण पूजा करू, आता तेच आपलं हत्यार. मला केवढा आनंद झाला! चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या खोलीला कारखान्याचा भाग म्हटलं होतं. मी मोठं मशीन पुसून लख्ख केलं, झेंडूची माळ घातली. हत्यारं एकत्र मांडायची म्हणून रोजची नक्कल ठेवायच्या दोन टेपा कपाटातून काढल्या आणि मशीनच्या डोक्यावर नीट ओळीत ठेवल्या. बंद हत्याराची पूजा लागत नाही असं कुणीतरी म्हणालं म्हणून मशीन चालू ठेवलं. चेअरमननी हळद-कुंकू वाहिलं आणि बॉयलरच्या कडेवर फोडतात तसा नारळ मशीनच्या कडेवर फोडला. फाट्कन आवाज झाला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण सगळ्यांना वाटलं तो नारळाचाच आवाज आहे. पाणी वरच्या फटींतून आत गेलं होतं, टेपांवरून गेलं होतं. अस्सल आणि नक्कल एकाच पाण्यात भिजली. टेपा तिथं ठेवायचं मला कुणी सांगितलं नव्हतं. कॉलेजात चार वर्षं जे शिकले ते मी एका झेंडूच्या माळेसाठी विसरले.

गळीत सुरू व्हायला तेव्हा तीन आठवडे राहिले होते. नोंदींची मूळ रजिस्टरं, अंगठ्यांची, मी मागितली. शेतकी अधिकारी म्हणाले, ती तपासणीला गेलीत, त्याऐवजी ही घ्या, आणि टाइप केलेली यादी पाठवली. चार हजारांच्या वर नावं. मी आणि दोन ऑपरेटर, अकरा दिवस. नवव्या दिवशी एका तारखेवर माझा हात थांबला. ते रान मला माहीत होतं, माझ्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर होतं. जुलैत मी बसच्या खिडकीतून तिथं लागण चाललेली पाहिली होती, आणि यादीत सप्टेंबर होता. मी यादी घेऊन शेतकी अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, तुमी शेतकी खात्यात हाय का संगणक खात्यात?" "संगणक." "मग टायपिंग करा." मी परत आले आणि टायपिंग केलं. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा वेगळ्या शब्दांत सांगून पाहिलं आहे. घाई होती, पुरावा नव्हता, चूक माझीच होती म्हणून तोंड उघडायची सोय नव्हती. सगळं खरं आहे. पण मी ते केलं, आणि माहीत असून केलं.

त्या सोमवारी माझ्या टेबलावर दुसरंही एक काम होतं. भिजलेल्या मशीनच्या जागी एक जुनं मशीन कसंबसं चालवत आम्ही हंगाम काढला होता. आता नवी यंत्रणा घ्यायची होती आणि तिच्यावर कुठली कार्यप्रणाली चालवायची, म्हणजे मशीनला मशीनपण देणारा जो मूळ प्रोग्रॅम असतो तो कुठला घ्यायचा, याचा अहवाल मी द्यायचा होता. गुरुवारी साताऱ्याला समितीपुढं. खरं तर ते ठरल्यासारखंच होतं. चेअरमनचा पुतण्या ऋषिराज, शिरवळला संगणक जोडणीचं त्याचं युनिट आहे, तो महिन्याभरापूर्वीच प्रस्ताव देऊन गेला होता. मुख्य ऑफिसात एकच मोठं मशीन, त्यावर विकतची प्रणाली, परवाना एका मशीनपुरता, बाकी सगळीकडून टेलिफोनच्या तारेवरून फक्त बघायचं. ऋषिराज पोरगा वाईट नाही. इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं, मला ताई म्हणतो. त्या सोमवारीही आला. माझ्या खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेलं डबडं बघून हसला. "ताई, अजून हे चालूच आहे?"

ते डबडं चालूच होतं. भंगाराच्या खोलीत पडलेली तीन जुनी मशीनं मी जानेवारीत उचलली होती. एका मासिकाबरोबर सीडी आली होती, तिच्यावर लिनक्स नावाची कार्यप्रणाली. फुकट. ती त्या मशीनांवर घातली. एक माझ्या खोलीत पलूसला, एक कराडच्या गटऑफिसात, एक रहिमतपूरच्या. तिन्हींत सगळ्या नोंदी, सगळ्या गावांच्या. दुपारी दोन वाजता, जेवणाच्या सुट्टीत फोनची लाईन मोकळी असते तेव्हा, ती आपापली एकमेकांना फोन लावतात आणि नवीन काय आलं ते सांगतात. लाईन नाही लागली तर उद्या. एक बंद पडलं तर दोन आहेत. नारळ फोडायचाच झाला तर तीन गावांत तीन फोडावे लागतील. हे सगळं विकतच्या प्रणालीवर करता आलं नसतं असं नाही. तीन परवाने घ्या, तीन मोठी मशीनं घ्या, होईल. पण ते कुणी मागितलं नव्हतं, म्हणून ऋषिराजनं दिलं नव्हतं. "पण ताई, फुकटच्या वस्तूला मायबाप नसतो. उद्या हे अडलं तर तुम्ही फोन कुणाला करणार?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, "कुणालाच नाही. उघडून वाचणार. यातलं सगळं उघडून वाचता येतं." "आणि तुम्ही नसलात तर?" हा प्रश्न जास्त बरोबर होता. तो गेल्यावर मी बराच वेळ त्या डबड्याकडे बघत बसले.

कारण मला आता वेगळीच धास्ती वाटायला लागली होती. तीन ठिकाणी ठेवलं म्हणजे खरं टिकतं, असं मी चार महिने स्वतःला सांगत होते. पण त्या तिन्ही मशीनांत हरणाबाईचा सप्टेंबरच होता. रोज दुपारी दोन वाजता तिन्ही मशीनं एकमेकांना विचारत होती, तुझ्याकडे काय? सप्टेंबर. तुझ्याकडे? सप्टेंबर. आणि समाधानानं फोन ठेवत होती. खोटं तिप्पट झालं होतं आणि वर तिघांच्या साक्षीनं पक्कं झालं होतं. मंगळवार आणि बुधवार मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. माझा नोंदींचा छोटा प्रोग्रॅम मी बदलला. आता जुनी ओळ पुसली जाणारच नाही. दुरुस्ती म्हणजे तिच्याखाली नवी ओळ, आणि ओळ घ्यायच्या आधी मशीन नाव विचारणार. नाव नाही तर ओळ नाही. रद्द करायचं असेल तरी नाव, आणि रद्द केलं याचीही ओळ, आणि ती दुपारी दोनला बाकीच्या दोन गावांना, तिथं कागदावर छापूनच बाहेर निघणार. करताना मला कळत होतं की मी हे शेतकी अधिकाऱ्यांसाठी करत नाही. नवव्या दिवशी परत येऊन मुकाट टायपिंग करणाऱ्या बाईसाठी करते आहे. मला माझ्यापासून वाचवील असं मशीन हवं होतं, आणि ते ऋषिराजच्या यादीत नव्हतं.

गुरुवारी सकाळच्या एसटीनं साताऱ्याला निघाले. अहवाल मांडीवर. कराड सोडल्यावर खिडकीची जागा मिळाली, आणि कॉलेजच्या बाजूची झाडं दिसली तशी मला ती तीन पत्रं आठवली. आबा सैन्यात होते, संदेश पाठवणाऱ्या सिग्नल पलटणीत, हवालदार. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे आणि घरातल्या रेडिओच्या तारा उगाच दोनदोन करून ठेवायचे. "एका तारंवर जीव टाकू ने," म्हणायचे. मी बारावी झाले त्या वर्षी ते सीमेवर होते. घरात कारभार तात्याबाचा, म्हणजे माझ्या चुलत्याचा. आईला वाचता येत नव्हतं, आबांचं पत्र आलं की तात्याबा सोप्यात बसून मोठ्यानं वाचायचा आणि आई दाराआडून ऐकायची. त्या जूनमध्ये पत्र आलं. तात्याबानं वाचलं: सर्व खुशाल, राजेश्वरीसाठी स्थळ बघावं, येत्या सुट्टीत बार उडवून टाकू. मी परसात जाऊन रडले आणि नंतर डोळे पुसून भांडी घासली, कारण आबांनीच लिहिलंय म्हटल्यावर भांडायचं कुणाशी? तात्याबानं पत्र घडी करून खिशात घातलं. दोन दिवसांनी शाळेचे हेडमास्तर सायकलवरून आले. त्यांच्या हातात आबांचं पत्र होतं. तारीख तीच, अक्षर तेच. राजेश्वरीला कराडला इंजिनिअरिंगला घालायची आहे, फॉर्म आपण भरून घ्यावा. आणि शेवटची ओळ: हाच मजकूर धाकट्या भावाला व मिरजेच्या बहिणीला वेगळा पाठवला आहे. हेडमास्तरांनी ते दोनदा वाचलं. सोप्यात तात्याबा बसला होता. आई दाराआडून बाहेर आली, पहिल्यांदा, डोक्यावरचा पदरसुद्धा न सावरता, आणि म्हणाली, "भावजी, खिशातला कागद द्या." तात्याबानं दिला. तिला एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं दोन्ही कागद एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले आणि अक्षरं कशी दिसतात ते बघितलं. मग माझ्या हातात दिले. आबा हुशार होते असं नाही, त्यांना आपला भाऊ माहीत होता. तात्याबाला मी कधी माफ केलं नाही. आणि मी? अंगठा देणारी बाई दाराआड उभी होती आणि तिच्या कागदावरचं खोटं मी मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. सातारा येईपर्यंत मी तात्याबाचा चेहरा डोळ्यांपुढून घालवायचा प्रयत्न केला, आणि तो गेला नाही.

पोवई नाक्याजवळच्या आमच्या शहर ऑफिसात चेअरमन, शेतकी अधिकारी, ऋषिराज आणि दोन संचालक बसले होते. चेअरमननी मला ताक दिलं. "उनाचं आलाय बाई, आदी ताक घ्या." त्यांचा आवाज नेहमी मऊ असतो. कुणाला कामावरून काढतानाही मऊच असतो. ऋषिराज अर्धा तास चांगलं बोलला, रंगीत कागद वाटले. मग माझी पाळी. मी सांगितलं, मला तीन ठिकाणी तीन मशीनं हवीत, प्रत्येकात सगळं, आणि त्यासाठी मी लिनक्स निवडते आहे. जुन्या मशीनवर चालतं, आतलं सगळं दिसतं, आणि चार महिने चालतंय. एक संचालक डुलकी काढत होते. चेअरमननी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"आमाला त्यातलं काय कळत न्हाई बाई. एकच सांगा. तारीख चुकली तर दुरुस्त करता येती का तुमच्या ह्यात?"

"येते साहेब. फक्त जुनी जात नाही. तिच्याखाली नवी येते आणि पुढं दुरुस्त करणाऱ्याचं नाव येतं. ते तिन्ही गावांत जातं."

"आन ऋषिराजच्यात?"

"त्यांनी दिलंय त्यात जुनी जाते आणि नवी बसते. नाव नसतं. मशीनचा दोष नाही त्यात. तसं मागितलं गेलंय."

कुणी मागितलं ते कुणी विचारलं नाही. शेतकी अधिकारी चष्मा पुसायला लागले. चेअरमन हसले, आणि मी कबूल करते, त्या हसण्यात राग नव्हता. "आवं, कारखाना चालवायचा म्हंजे थोडं पुढंमागं करावं लागतं. कुणाच्या घरात लगीन असतं, कुणाची हीर आटती, कुणी इलेक्शनला राबल्यालं असतं. तारीख म्हंजे काय दगडावरची रेघ हाय व्हय?"

"मग करा की पुढंमागं. नावानिशी करा."

डुलकी काढणारे संचालक जागे झाले. "लय शिकल्याली हाय म्हणून कायबी बोलायचं व्हय?" शेतकी अधिकारी म्हणाले. चेअरमननी त्यांना हातानं गप्प केलं आणि माझा अहवाल माझ्यापुढं सरकवला. "शेवटाला एक ओळ घाला, ऋषिराजचं मशीन योग्य हाय म्हणून. सही करा. त्ये तुमचं तीन डब्यांचं शनवारपासनं बंद. मशीन बसवायला पोरं येतील." मी विचारलं, "नाही घातली तर?" ते म्हणाले, "न्हाई तर न्हाई. वजनकाट्यावर माणूस कमीच हाय आमाला." इतक्या मऊपणे म्हणाले की क्षणभर मला ती बढतीच वाटली. मी पेन काढलं आणि सही केली, त्यांची ओळ न घालता, माझ्या अहवालावर, माझ्याच शेवटच्या ओळीखाली, आणि कागद परत सरकवला. ऋषिराज खाली बघत होता. बाहेर पडताना त्यानं हळूच म्हटलं, "ताई, कशाला?" मी म्हटलं, "तू कधी ऊस लावलायस का रे?"

शुक्रवार राहिला होता. एक पूर्ण दिवस. तिन्ही मशीनं अजून चालू होती, त्यांना कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सकाळी आठला मी खोलीत शिरले, ऑपरेटरांना दुसऱ्या कामाला पाठवलं, तेलाच्या डागांची ऑगस्टची यादी टेबलावर पसरली आणि बसले. पहिली नोंद. जुनी तारीख, नवी तारीख. मशीननं नाव विचारलं. मी माझं घातलं. शेरा लिहायला जागा होती. तिथं मी लिहिलं: आधीची तारीख राजेश्वरीनं घातली, शेतकी विभागाच्या टाइप यादीवरून, माहीत असून. ते 'माहीत असून' मी पहिल्यांदा एकेक अक्षर शोधत टाइप केलं. चौथ्या नोंदीला बोटं सरावली. सातव्या नोंदीला मला भूक लागली. किती दिवसांनी! हरणाबाईची नववी होती. मागं गेलेले अकरा पुढं आणले, पुढं आलेले आठ जिथले तिथं बसवले, त्यांत चेअरमनच्या साडूचं रानही होतं. प्रत्येकाखाली तोच शेरा, संपूर्ण, तसाच. पुन्हा पुन्हा तेच लिहायची गरज नव्हती, कॉपी करता आलं असतं, पण मी प्रत्येक वेळी बोटांनी लिहिलं. खोट्या तारखाही बोटांनीच घातल्या होत्या. पावणेदोनला संपलं. दोन वाजता कोपऱ्यातल्या मोडेमनं किणकिण केली, कराडला फोन लागला, मग रहिमतपूरला. एकोणीस ओळी जायला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही.

अडीचला फोन वाजला. रहिमतपूरचे गुंडाभाऊ, गटऑफिसातले जुने कारकून, मला कारखान्यात लागल्यापासून ओळखतात. "बाई, ह्यो काय कागद निघालाय मशीनमधनं? कायतरी घोळ झालाय. चूक करणार म्हणून बी तुमचं नाव आन दुरुस्त करणार म्हणून बी तुमचंच. आन माहीत असून म्हणं! फाडून टाकू का?" मी म्हटलं, "फाडलात तरी चालेल गुंडाभाऊ. कराडलाही निघालाय. इथंही निघालाय." मागं कुणीतरी त्यांना काय झालं म्हणून विचारत होतं. "म्हंजे घोळ न्हाई?" "नाही." "मग बोर्डाला लावावा लागंल. दुरुस्तीचा कागद बोर्डाला लावायचा, असा नियम हाय आपला." मी म्हटलं, "नियम आहे तर लावा."

तोवर कराडहून कुणीतरी कुणाला तरी कळवलं असणार, कारण पावणेतीनला शेतकी अधिकारी माझ्या दारात होते. शेतातून चालत आल्यासारखा घाम. हातात कागद. "हे पुसा बाई. आत्ताच्या आत्ता पुसा." मी खुर्चीवरून उठले, खुर्ची त्यांच्यासाठी मागं ओढली. पडद्यावर पहिली नोंद काढून दिली. "बसा साहेब. पुसता येत नाही, रद्द करता येतं. हे बटण दाबलं की नाव विचारील, नाव घातलं की झालं."

"तुमचंच नाव घाला की मग."

"माझं एकोणीस वेळा घालून झालंय. आता तुमचं."

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर नावाची रिकामी जागा आली आणि तिच्यात उभी रेघ उघडझाप करायला लागली. ते तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. बसले नाहीत. सोमवारी मी वजनकाट्यावर असेन हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. मी पलीकडच्या स्टुलावर डबा उघडला. आईनं दोडक्याची भाजी दिली होती. ती मी जेवले, सगळी, आणि ते तिथंच उभे होते.